झाड कुणाचं, तशी चढण

ऑक्टोबरची एक तारीख जवळ आली की मिशिगनमधल्या धनुष्यबाणवाल्या शिकाऱ्यांत एक जुना वाद नव्यानं पेटतो. हरीण कुठून येईल, हा तो वाद नव्हे. त्याबद्दल कुणी कुणाला खरं सांगतच नाही. वाद असतो झाडावर चढायचं कसं, याचा. अ‍ॅल्युमिनियमच्या तीन-चार काठ्या पट्ट्यांनी खोडाला आवळत जायचं, एकच काठी खालून काढून वर बांधत जायचं, की काठीला फाटा देऊन नुसत्या दोरांवर जायचं? माझ्या ओळखीतले दोन सख्खे भाऊ या प्रश्नावर एकमेकांशी धड बोलत नाहीत.

वाद आहे तो सॅडलवाल्यांचा. कमरेला आणि बुडाखाली रुंद पट्ट्याची बैठक, तिच्या दोन कडांना जोडणारा समोरचा आखूड दोर, आणि तो दोर झाडाभोवतीच्या दुसऱ्या दोराला अडकवलेला. शिकारी झाडाकडे तोंड करून, पाय खोडाशी बांधलेल्या वीतभर फळीवर रोवून, मागे रेलून तासन्‌तास लटकतो. जमिनीपासून पंधरा ते पंचवीस फूट. पांढऱ्या शेपटीचं हरीण खालून गेलंच तर खोडाच्या आडून वळून बाण सोडायचा. पण सॅडलनं लटकता येतं, चढता येत नाही. चढायची सोय ज्याची त्यानं करायची.

मी मूळचा वेंगुर्ले तालुक्यातला. घराणं भंडाऱ्यांचं, आजोबा माडी काढायचे. मी डिप्लोमा करून डाय बनवायला शिकलो आणि मोटारींच्या धंद्यामागून लान्सिंगला येऊन राहिलो. इथल्या कारखान्यात १५ नोव्हेंबरला, म्हणजे बंदुकीचा हंगाम उघडतो त्या दिवशी, मशिनवर माणूस मिळायची मारामार. बंदूक मला रुचली नाही, धनुष्य रुचलं. आणि धनुष्याबरोबर झाड आलंच. हंगाम नसतो तेव्हा मी जुने कॅटलॉग आणि पेटंटांचे नकाशे चाळत बसतो. त्यातून माझं एक मत झालं आहे आणि ते मी कुणालाही ऐकवतो: झाडावर चढायची रीत चढणाऱ्याच्या सोयीनं फार थोडी ठरते. झाड कुणाचं आहे, यावर ती ठरते.

आमच्या वाडीत हे मला न शिकवता कळलं होतं. तिथं दोन तऱ्हेचे माड होते. नारळाच्या माडावर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा चढायचं; तिथं खोडाला कोयता लावलेला आजोबांना खपायचा नाही. माडीला दिलेला माड वेगळा. त्याची पोय रोज छाटावी लागते, मडकं उतरवावं लागतं, म्हणजे दिवसातून दोन-तीन खेपा. त्या माडाला खालपासून शेंड्यापर्यंत पाऊल मावेल एवढ्या खाचा. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून आजोबा त्या खाचांवरून चढायचे, कुठं पकडायचं हे न बघता.

ही खाच कधी भरून येत नाही. मेपल, ओक, आंबा यांच्या सालीखाली एक पातळ जिवंत थर असतो. तिथून खोड दरवर्षी जाड होतं आणि जखमेच्या कडाही तिथूनच वाढून जवळ येतात. माड एकदल कुळातला, बांबू-गवताच्या गणगोतातला. त्याला तो थरच नसतो. म्हणून माडाची जखम मिटत नाही. आणि म्हणूनच, एरवी दुसरं झाड सोलून मेलं असतं तिथं, माड खाचांसकट पिढीभर उभा राहतो. आजोबांच्या वडिलांनी पाडलेल्या खाचांवर आजोबांचा पाय पडायचा. मालकानं एकदा हो म्हटलं की ते कायमचं हो असायचं. त्यामुळे हो म्हणायला मालक वेळ लावायचे.

त्यात सरकार शिरलं ते १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं. ज्या झाडाचा रस काढायचा त्या प्रत्येक झाडावर कर, परवाना आणि झाडावर खूण. माडी कमी निघाली तरी कर तेवढाच. भंडारी त्यावरून चिडले, ठाण्या-मुंबईकडे मोठा ओरडा झाला. माड मालकाचा, खाच भंडाऱ्याची आणि नंबर सरकारचा, अशी ती वाटणी होती. आजोबा कायद्याचं नाव घ्यायचे नाहीत. ‘नंबर पडलेलो माड’ एवढंच म्हणायचे.

पोफळीची गोष्ट आणखी निराळी. तिचं खोड इतकं बारीक की खाच पाडली तर वाऱ्यात तिथंच मोडायचं. म्हणून पोफळीवर चढणारे पायांत दोरीचं कडं घालून, दोन्ही तळव्यांत खोड आवळून चढतात, आणि एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेत दुसरी गाठतात. एकाच कुळागारात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, एकाच माणसाला, दोन झाडांसाठी दोन रिती.

अमेरिकेत मात्र लोखंडी काटे आधी आले आणि शिकारी मागून. १८४४ साली सॅम्युअल मोर्सनं वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तारेचा संदेश धाडला आणि पुढच्या सतरा वर्षांत तारा थेट पॅसिफिकच्या किनाऱ्याला भिडल्या. तार म्हणजे खांब, आणि खांब म्हणजे झाडच. फांद्या छाटलेलं, मेलेलं आणि कंपनीच्या मालकीचं. त्याला भोकं पडली तर कुणाचं काय जातं? तारवाले पोटरीला पट्ट्यानं लोखंडी दांडा बांधायचे, त्याचा काटा तळव्याच्या आतल्या बाजूनं खांबात रुतवायचे आणि कमरेचा पट्टा खांबाभोवती टाकून सरसर वर जायचे. शिकागोत मॅथियास क्लाइन नावाच्या जर्मन लोहारानं १८५७ साली एका तारवाल्याची मोडकी पकड जोडून दिली, आणि त्यातून हत्यारांचा जो कारखाना उभा राहिला तो आजही चालू आहे. आज सॅडलवाला शिकारी चढताना झाडाभोवती जो दोर टाकतो त्याला इथं सगळे तारवाल्याचा पट्टाच म्हणतात. तारवाले गेले, नाव राहिलं.

काट्यांचे दुसरे गिऱ्हाईक वायव्येच्या जंगलातले लाकूडतोडे. वाफेच्या यंत्रानं ओंडके ओढायचे तर उंचावर कप्पी हवी, आणि कप्पीला उंच खांब हवा. म्हणून एक दांडगं डग्लस फर निवडायचं. एक माणूस काटे लावून, वाटेतल्या फांद्या तोडत दीडशे-दोनशे फूट वर जायचा, आणि स्वतःच्या डोक्यावरचा शेंडा कापायचा. शेंडा कोसळला की उरलेलं खोड गदागदा हलायचं आणि हा त्याला पट्ट्यानं बांधलेला. पट्ट्याच्या दोरात पोलादी तार घातलेली असे, कारण आपल्याच कुऱ्हाडीचा चुकार घाव आपल्याच दोरावर बसायची भीती. जुन्या फोटोंत ही मंडळी छाटलेल्या शेंड्यावर उभी राहून हसताना दिसतात. मला त्यात मर्दुमकीपेक्षा पगाराची गरज जास्त दिसते. झाडाची फिकीर करायचा तिथं प्रश्नच नव्हता. ते दिवस भरलेलंच झाड.

फिकीर सुरू झाली ती अंगणातल्या झाडांपासून. जॉन डेव्ही हा इंग्लंडच्या सॉमरसेटमधला शेतकऱ्याचा मुलगा. ओहायोतल्या केंट गावी येऊन त्यानं दफनभूमीची निगा राखली, तिथली झाडं सुधारली, आणि १९०१ मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक काढलं. झाड आजारी पडतं, त्याच्यावर उपचार करता येतात आणि ते पैसे देऊन करून घ्यावेत, हे त्यानं अमेरिकेतल्या खात्यापित्या घरांना पटवलं. आता दारातला एल्म बघायला आलेला वैद्य जर त्याच एल्मला काटे खुपसत वर चढला, तर मालकीणबाई त्याला उभा करतील का? म्हणून हे झाडांचे वैद्य दोरावर चढायला लागले. बेचक्यातून मनिलाचा दोर टाकायचा, एक टोक बुडाखाली गाठ मारून त्याची बैठक करायची, आणि दुसऱ्या टोकाशी सरकती पण वजन आलं की आवळणारी गाठ मारायची. जिवंत झाडाच्या छाटणीला काटे वापरायचे नाहीत, हा आज त्या धंद्याचा लेखी नियम आहे. शिकाऱ्यांचं सॅडल, नावासकट, या वैद्यांच्या बैठकीतून आलं.

शिकारी मात्र तोवर जमिनीवरच होता. तो झाडावर कशाला जाईल? हरणंच उरली नव्हती. १९०० च्या सुमारास अख्ख्या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं जेमतेम पाच लाखांच्या आसपास राहिली असावीत असा अंदाज आहे. त्याच साली लेसी कायद्यानं चोरट्या मांसाच्या राज्याबाहेरच्या व्यापाराला चाप लावला. १९३७ मध्ये बंदुका-काडतुसांवरच्या कराचे पैसे वन्यजीवांसाठी राज्यांना द्यायचा कायदा झाला. आज हरणं तीन कोटींच्या घरात आहेत आणि आमच्या कोबीची वाट लावतात. धनुष्याचा वेगळा हंगाम पहिल्यांदा विस्कॉन्सिननं १९३४ मध्ये दिला, पाठोपाठ मिशिगननं. फ्रेड बेअर यांनी १९४७ मध्ये आपला धनुष्यांचा कारखाना मिशिगनच्याच ग्रेलिंगला हलवला. पुढे मिसुरीच्या हॉलिस विल्बर अ‍ॅलननं धनुष्याला कप्प्या लावून १९६९ मध्ये पेटंट मिळवलं आणि ओढलेली दोरी धरून ठेवणं माझ्यासारख्या खुर्चीतल्या माणसालाही जमू लागलं.

बाणाची खात्रीची मजल वीस-तीस यार्डांची. तेवढ्या अंतरावर हरणाचं नाक, कान आणि डोळे माणसाला जमिनीवर टिकू देत नाहीत. म्हणून वर जायचं. सुरुवातीची मचाणं म्हणजे शेतातल्या झाडाला खिळे मारून ठोकलेल्या फळ्या. शेत आपलं, झाड आपलं, खिळा आपला. दोन-चार हिवाळ्यांत फळी कुजायची, झाड वाढून खिळा उपटायचं, आणि कुणीतरी पाठीवर आपटायचं.

सत्तरच्या दशकात चढणारी मचाणं विकायला आली. दोन चौकटी, दोन्हींना खोडाला वेढणारा पट्टा. वरच्या चौकटीवर भार टाकून पायांनी खालची उचलायची, मग खालचीवर उभं राहून वरची सरकवायची. सुरुवातीच्या काहींची पकड ओल्या किंवा गुळगुळीत सालीवर सुटायची आणि माणूस मचाणासकट खाली यायचा. अशा घसरगुंडीनं छाती-पोट सोलवटलेले म्हातारे शिकारी मला भेटले आहेत. गंमत म्हणजे आपल्याकडे केरळातून जे चेंबेरी यंत्र आलं, नारळ विकास मंडळानं २०११ पासून बेकार तरुणांना जे शिकवलं, ते या मचाणाचं लांबचं भावंड आहे: खोडाला तारेचा वेढा आणि भार आला की आवळणारी पकड, फक्त इथं डावा-उजवा पाय आळीपाळीनं. मात्र माड सरळसोट, फांदीविना असतो. मिशिगनच्या रानात तसं झाड शोधायला गेलात की हरणांची वाट एकीकडे आणि झाड दुसरीकडे. शॅगबार्क हिकरीची साल तर हातभर लांब पापुद्र्यांनी सुटलेली. तिच्यावर लोखंडी चौकट घासली की अर्ध्या मैलावरच्या हरणाला वर्दी जाते.

मग आल्या पेचाच्या पायऱ्या. बोटाएवढा जाड स्क्रू हातानं पिळत खोडात घालायचा, त्याचाच वाकवलेला दांडा म्हणजे पाऊल ठेवायची जागा. स्वस्त, हलक्या, कुठल्याही वाकड्या झाडाला चालणाऱ्या. चढायच्या साधनांत याहून सोयीचं काही निघालं नाही असं मी छातीठोक सांगतो. आणि तरी त्या हद्दपार झाल्या. हद्दपार केल्या त्या झाडांच्या मालकांनी.

माझ्या शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावर काळ्या अक्रोडाची झाडं आहेत. चांगला सरळ बुंधा पातळ पत्र्यांसाठी, म्हणजे महागड्या फर्निचरवरच्या आवरणासाठी, जातो तेव्हा त्याचा भाव ऐकून मी दोनदा विचारलं होतं. त्याच बुंध्यात एक विसरलेला स्क्रू निघाला की करवतीचं पातं जातं आणि गिरणीवाला पुढच्या वेळी त्या शेताकडे बघत नाही. त्यामुळे हा गृहस्थ शिकारीची परवानगी देताना बंदूक की बाण हे विचारत नाही. झाडाला काय लावणार, ते विचारतो. सरकारी रानात तर नियम लेखी. मिशिगनमध्ये सार्वजनिक जमिनीवरच्या झाडाला खिळा, स्क्रू, बोल्ट, सालीखालच्या जिवंत थराला भोसकणारं काहीही लावायचं नाही. मचाण ठेवायचं तर त्यावर स्वतःची ओळख लिहिलेली हवी. आणि हा जिवंत थर म्हणजे तोच, जो आमच्या माडाला नसतो. आजोबांच्या खाचा इथल्या कायद्याच्या कलमात बसल्याच नसत्या, आणि वनखात्याच्या माणसाला ते समजावताना मला मजा आली असती.

सॅडलचा इतिहास मालकीच्या या कुंपणातून बघितला तर समजतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अँडरसन नावाची एक झोळी विकायला होती. मिशिगनच्याच जॉन एबरहार्ट यांनी ती तेव्हापासून वापरली आणि पुढे मुलाबरोबर लिहिलेल्या पुस्तकांतून तिची तरफदारी केली. त्यांचा मुद्दा साधा: जिथं शिकाऱ्यांची गर्दी आहे तिथं हरीण मचाण ओळखायला शिकतं. मचाण मागे ठेवू नका, रोज नवं झाड धरा. लोकांनी ऐकून सोडून दिलं. फळीवर खुर्ची टाकून बसायची सोय असताना झाडाला लोंबकळायचं कुणी? जवळजवळ पस्तीस वर्षं सॅडल हा चक्रमांचा उद्योग राहिला. मग खासगी जमिनी हंगामाच्या भाड्यानं जायला लागल्या, भाडं न परवडणारे सरकारी रानात दाटले, आणि २०१८ च्या आसपास मिनेसोटाच्या टेथर्डसारख्या नव्या कंपन्यांनी हलकी सॅडलं बाजारात आणली. सगळं सामान पाठपिशवीत, संध्याकाळी झाडावर काही उरत नाही, सालीला ओरखडा नाही. ज्याच्या मालकीचं एकही झाड नाही अशा माणसाचं हे साधन आहे. भाडेकरूचं.

चढायचा प्रश्न आता उघडा पडला. काटे बाद, स्क्रू बाद, मचाण नको. उरला पट्टा आणि दोर. काठ्या पट्ट्याच्या. दोराच्या युक्त्या मात्र शिकाऱ्यांनी एकूण एक उसन्या घेतल्या, आणि ज्यांच्याकडून घेतल्या त्यांतला कुणीच शिकारी नव्हता. दोरावर बसणारी प्रुसिक गाठ ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये गिर्यारोहकांपुढे मांडली. दोराला दातांनी धरणारी ज्यूमार १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाली, ती यूसी नावाच्या गरुडांच्या अभ्यासकाला कड्यावरच्या घरट्यांपर्यंत जायचं होतं म्हणून. गुहांत उतरणाऱ्यांनी त्यात भर घातली. अ‍ॅटलांटात पीटर जेन्किन्स यांनी १९८३ मध्ये निव्वळ मौजेसाठी दोरावर झाडं चढणाऱ्यांची संस्था काढली.

या यादीत एक नाव आपल्या ओळखीच्या वळणाचं आहे. नलिनी नाडकर्णी. वडील भारतातून आलेले, बालपण मेरीलँडमध्ये दारातल्या मेपलवर गेलेलं. वर्षावनाच्या छतावर, फांद्यांवर साचलेल्या मातीत झाडं स्वतःचीच मुळं सोडतात, हे त्यांनी १९८१ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं, आणि ते बघायचं तर दोरावर वर जाण्याखेरीज इलाज नव्हता. शंभर फुटांवरच्या फांदीवरून दोर न्यायचा कसा? हे संशोधक क्रॉसबोनं बारीक दोरी वर मारायचे आणि मग तिच्या टोकाला जाड दोर बांधून ओढायचे. त्यांना दोरासाठी धनुष्य लागलं, आम्हाला धनुष्यासाठी दोर. २०१५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पात दोर दगा देऊन त्या सुमारे ५० फुटांवरून पडल्या, हाडं मोडली, आणि बऱ्या होऊन पुन्हा कामाला लागल्या. सॅडलवाल्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा ते एकदम आपापल्या गाठी तपासायला लागतात, तेवढाच उपयोग.

निवड कशी करायची म्हणाल तर माझी तरी मतं ठाम आहेत. नुसत्या दोन दोरांनी चढणं, म्हणजे एकात पाय घालून उभं राहायचं, दुसरा वर सरकवायचा, मग त्यावर बसायचं, हे सगळ्यांत हलकं आणि सगळ्यांत मुकं. पण अंधारात, हातमोजे घालून, घामेजून चढल्यावर माणूस तासभर धापा टाकतो आणि घामाचा वास हरणाला आमंत्रण सोडून बाकी सगळं देतो. फांदीवरून दोर टाकून चढणं सोपं, पण दोर आदल्या दिवशी टाकून ठेवावा लागतो; म्हणजे कालच ठरवून टाकायचं आणि आजचा वारा बघायचाच नाही. एकच काठी वर नेत नेत चढणं तरुणांना आवडतं. वरून तीच मंडळी दोरावर घसरत उतरतात आणि एकमेकांचे फोटो काढतात. माझे गुडघे पाहता मी काठ्यांवरच आहे. सगळ्यांत खालच्या काठीला एक कापडी रिकीब लोंबती सोडतो, म्हणजे एक काठी कमी वाहावी लागते. तारवाल्याचा पट्टा मात्र पहिल्या पावलापासून. शिडी सोडून फळीवर पाऊल टाकायच्या त्या क्षणी जुन्या मचाणावरून फार माणसं पडली, आणि सॅडलचा खरा फायदा मला तोच वाटतो: त्या क्षणीही तुम्ही झाडाला बांधलेलेच असता.

झाड निवडायचं काम मात्र अवघड होऊन बसलं आहे. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एक हिरवा चमकदार किडा सापडला, आशियातून लाकडी खोक्यांबरोबर आला असावा. त्याच्या अळ्या अ‍ॅशच्या सालीखालचा तोच जिवंत थर खातात. कोट्यवधी अ‍ॅश मेले. आमच्या सरकारी रानात ओढ्याकाठची सगळ्यांत मोक्याची झाडं, जिथून हरणांच्या तीन वाटा दिसतात, ती अ‍ॅशची होती. शेजारच्या शेतकऱ्याच्या बांधावरही अक्रोडांच्या मध्ये त्यांची एक रांग उभी आहे. त्यांना गिरणीत भाव नाही, म्हणून तो मला म्हणतो, या अ‍ॅशना हवे तेवढे खिळे ठोक, स्क्रू मार, काटे लाव, माझी काही हरकत नाही. पण मेलेला अ‍ॅश दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतो, फांदी कुरकुरल्याशिवायच तुटते, आणि इथले झाडांचे वैद्य पैसे देऊनही त्यावर चढत नाहीत. गाडीचा पाळणा मागवतात. मी त्या रांगेच्या अलीकडच्या अक्रोडाला पट्टे आवळतो.